सप्टेंबर तेवढा बरा गेला

१

"डॉक्टर, माझ्या बहिणीची किडनी कुणी मारली?"

हा प्रश्न विचारून दाखवायचा, अशी पैज माझ्या वर्गातल्या शिओमारा आणि लिस्बेतने मधल्या सुट्टीत लावली होती. "वर्गात काय, कुणीही बोलतं," लिस्बेत म्हणाली, "पांढऱ्या कोटापुढे तोंड उघडून दाखव." गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा माझा आवाज बसायचा. यंदा वक्तृत्वात मी अख्ख्या अरेकिपा शहरात दुसरी आले, आणि तेव्हापासून गप्प बसणं मला जमतच नाही. तर विचारला.

डॉ. बेर्नाल चिडल्या नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं, चष्मा डोक्यावर सारला आणि माझ्या गणवेशाकडे पाहिलं.

"डामारिसची धाकटी ना तू? आरेली? कागद न्यायला आलीस की भांडायला?"

"दोन्ही."

"बस मग. किडनी मेली की कारण आम्हीही शोधतो. तुझ्या बहिणीच्या बाबतीत ते सापडलंय." त्यांनी फाइल माझ्याकडे फिरवली. तळाशी एकच ओळ होती: रुग्ण औषधं नियमित घेत नाही.

"खोटं आहे!" मी म्हटलं. "सकाळी आठ, संध्याकाळी आठ. मोबाइलचा गजर अख्ख्या गल्लीला पाठ झालाय. रिकामी पाकिटंसुद्धा ती तारीख घालून डब्यात ठेवते."

"रिकामं पाकीट एवढंच सांगतं की गोळी पाकिटातून बाहेर पडली. तोंडात गेली असं सांगत नाही." त्या हे कितव्यांदा म्हणत होत्या कोण जाणे, इतकं दमून म्हणाल्या. "रक्तात औषधाची पातळी किती आहे ते आम्ही मोजतो. मे, जून, जुलै, ऑगस्ट, चारही महिने कमी. मी गोळी वाढवली. सप्टेंबरमध्ये एकदम इतकी वर गेली की घाबरून कमी केली. ऑक्टोबरात पार तळाला. तेव्हा बारा दिवस वॉर्डात ठेवली. नर्स समोर उभं राहून गोळी द्यायची. पातळी वर आली. घरी गेली, नऊ दिवसांत पुन्हा तळ. तू हुशार दिसतेस. याचा अर्थ काय, तूच सांग."

मी फाइलमधल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"पातळी खाली ओढणारी दुसरी औषधं असतात. झटक्यांची, क्षयाची, काही वनस्पती. मी प्रत्येक वेळी विचारलं. घरचे म्हणाले, दुसरं कुठलंच औषध नाही." त्यांनी फाइल मिटली. "शुक्रवारी समिती बसेल. दुसऱ्या किडनीसाठी यादीत नाव घालायचं की नाही ते ठरेल. ही ओळ असताना घालणार नाहीत, बाळा. रांगेतली माणसं वाट बघता बघता जातात. एक वाया घालवणाऱ्याला दुसरी कोण देईल?"

म्हणजे फाइलच्या मते माझ्या बहिणीची किडनी माझ्या बहिणीनेच मारली होती. आणि ती किडनी मुळात आमच्या ममाची होती.

२

जानेवारीत ऑपरेशन झालं. शेजारशेजारच्या खोल्यांत दोघी झोपल्या आणि ममाची डावी किडनी डामारिसच्या पोटात गेली. डामारिस तेवीस वर्षांची, बालवाडीत शिकवायची. दोन वर्षं डायलिसिसच्या मशीनवर काढल्यावर तिला पहिल्यांदा धो-धो लघवी झाली तेव्हा पापा वॉर्डाबाहेर गुडघ्यांवर बसून रडले होते.

पुढचं पापा त्यांच्या भाषेत समजावतात. "शरीर म्हणजे आपली गल्ली. अनोळखी माणूस दिसला की घराघरातून लोक शिट्ट्या फुंकत, काठ्या घेऊन बाहेर पडतात. नवी किडनी म्हणजे तो अनोळखी माणूस. बिचारा पाहुणाच, पण गल्लीला कुठे ठाऊक? म्हणून गोळ्यांनी सगळ्यांच्या शिट्ट्या काढून घ्यायच्या. जन्मभर." गोळी कमी पडली की शिट्ट्या वाजतात. मग काठ्या.

फ्रिजवर हॉस्पिटलची यादी चिकटवलेली होती. कच्चे मासे नको, ताजं चीज नको, ग्रेपफ्रूट नको, वनस्पतींचे काढे नको, एमोलिएन्ते नको. ही शेवटची गोष्ट पापांना फार लागली, कारण एमोलिएन्ते हाच आमचा धंदा. पहाटे बस-स्टँडजवळ हातगाडी लागते. भाजलेल्या जवाचं आणि जवसाचं कढत, बुळबुळीत पेय, आणि वरून गिऱ्हाइकाला हवा तो अर्क: कुणाच्या यकृताला, कुणाच्या सांध्यांना, कुणाच्या मोडलेल्या झोपेला.

ममाची किडनी गेल्यापासून डामारिस पुन्हा मशीनवर आहे. मंगळवारी तिला मशीन नसतं. ती अंथरुणात भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिला जवाचं पाणी करून दिलं. नुसते भाजलेले जव आणि पाणी, तेवढं तिला चालतं. ममा बाजारात गेली होती.

"डामारिस, खरं सांग. गोळ्या चुकवल्यास?"

"फाइलमध्ये लिहिलंय ना? मग चुकवल्या असतील."

"असतील म्हणजे? तुला ठाऊक नाही?"

"रोज पडल्या पडल्या मोजते गं. तेरा जून, सकाळ. घेतली का? घेतलीच असणार. पण दिसत नाही डोळ्यांसमोर. घेतल्याचं आठवतंय की फक्त गजर आठवतोय?" ती उठून बसली, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "काय हे पांचट! सप्टेंबरभर हेच पाजलंस मला. ममाचं कसं जरा कडसर असतं, प्यायल्यासारखं वाटतं."

"उपकार मान, वक्तृत्वात दुसरी आलेली मुलगी तुझी मोलकरीण झालीये."

ती हसली, मग लगेच रडायला लागली, आवाज न करता. "ममाच्या अंगातला तुकडा होता तो, आरेली. मीच मारला असणार. दुसरं कोण होतं तिथे?"

३

दुसरं कोण होतं, हेच तर मला शोधायचं होतं. माझा पहिला संशय होता डामारिसच्या गोळ्यांवर, म्हणजे त्या कॅप्सूलवर. मधेच कधीतरी त्यांचा रंग बदलला होता, हे मला पक्कं आठवत होतं.

हॉस्पिटलच्या औषधखिडकीत बेनिल्दाबाई बसतात. पापांच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी जाळीला नाक लावून माझ्याकडे पाहिलं.

"एमोलिएन्तेवाल्याची बोलकी पोर ना तू? काय पाहिजे?"

"कॅप्सूल बदलल्या होत्या. नव्या कंपनीच्या नकली तर नव्हत्या?"

"हळू बोल! मागे चाळीस माणसं त्याच कॅप्सूल न्यायला उभी आहेत, पळून जातील." त्यांनी रजिस्टर उघडलं. "बदलल्या त्या जुलैत. तुझ्या बहिणीची पातळी कधी घसरली?"

"मे."

"मग जुलैतल्या चोराने मे महिन्यात घर कसं फोडलं?"

माझा चेहरा पडला असावा. त्यांनी आवाज उतरवला. "ऐक. गोळी तोंडात गेली आणि रक्तात नाही दिसली, की मधे यकृत असतं. यकृताला कुणीतरी चाबूक मारला की ते गोळी भराभर जाळून टाकतं. झटक्यांच्या औषधावर असलेल्या एका पोराचं असंच झालं होतं. घरात तसलं कुणी काही घेतं का ते बघ." मग माझा नंबर घेतला आणि म्हणाल्या, "काही सापडलं तर फोटो पाठव. इथे ओरडत येऊ नकोस."

घरात झटके कुणाला येत नाहीत. क्षय कुणाला नाही. उरल्या वनस्पती. आणि वनस्पती म्हटलं की आमच्या घरात एकाच माणसाचं नाव येतं.

४

पापा अंगणात गाडीच्या बाटल्या धूत होते. मी विचारलं आणि त्यांच्या हातातली बाटली तशीच थांबली.

"काय म्हणालीस?"

"पापा, मी सगळ्यांनाच विचारतेय. डामारिसला कधी एखादा ग्लास दिलात का? कीव येऊन? थंडी होती म्हणून?"

"सव्वीस वर्षं ही गाडी ढकलतोय. अर्ध्या शहराची पोटं, लघव्या आणि बाळंतपणं मला ठाऊक आहेत. आणि ज्या दिवशी ती यादी फ्रिजवर लागली, त्या दिवसापासून माझ्या पोरीच्या ओठाला माझा ग्लास लागलेला नाही. वास लागू नये म्हणून मी घरात शिरताना शर्ट बदलतो." ते ओरडत नव्हते, तेच वाईट होतं. "सप्टेंबरात ममा नव्हती तेव्हा डामारिस रोज पहाटे माझ्याबरोबर गाडीवर यायची. ग्लास विसळायची, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची. तीन हात अंतरावर पातेलं उकळत होतं. एक घोट नाही. विचार तिला."

मला विचारायची गरज नव्हती. सप्टेंबरमध्येच तर पातळी सगळ्यात चांगली होती. एमोलिएन्ते गुन्हेगार असतं तर तोच महिना सगळ्यात वाईट जायला हवा होता.

पापा सुटले. मला आनंद झाला, खराखुरा, उडी मारावी असा. बाटल्या धुवायला मी त्यांना मदत केली आणि मोठमोठ्याने गाणंही म्हटलं. ती एक रात्र मी आनंदात होते.

५

बुधवारी गणिताच्या तासाला मी वहीच्या मागच्या पानावर तक्ता काढला. आडवे महिने, उभ्या रकान्यांत पातळी, कॅप्सूलचा रंग, पापांची गाडी, मी. कागदावर उजवीकडे जागा उरली म्हणून आणखी एक रकाना आखला आणि वर 'ममा' लिहिलं. संशय म्हणून नाही. आईवर कोण संशय घेतं?

फेब्रुवारी ते एप्रिल पातळी चांगली. ममा ऑपरेशननंतर खाटेवर. स्वयंपाक पापा करत.

मे ते ऑगस्ट वाईट. ममा उठून पुन्हा चुलीशी.

सप्टेंबर चांगला. आजीचं कंबरेचं हाड मोडलं म्हणून ममा महिनाभर कोताउआसीला, तिच्या गावी.

ऑक्टोबर वाईट. एक तारखेला ममा परत.

वॉर्डातले बारा दिवस चांगले. बाहेरचं खाणंपिणं आत न्यायला बंदी.

नंतरचे नऊ दिवस वाईट. डामारिस घरी.

मी रकाना खोडला. पुन्हा आखला. पुन्हा तसाच आला. लिस्बेतने कोपर मारून विचारलं, "काय गं, खुनी सापडला का?" मी म्हटलं, "गप बस." तिला वाटलं मी फुशारकी मारतेय.

आणि तेव्हा मला भिंत आठवली. डामारिसच्या आणि माझ्या खोलीमधली पातळ भिंत. एप्रिलपर्यंत पलीकडून रोज रडणं ऐकू यायचं. मे महिन्यात ते थांबलं. मला वाटलं, बरी होतेय. सप्टेंबर संपता संपता ते पुन्हा सुरू झालं. मला वाटलं, ममाची आठवण येत असेल. ममा आली आणि पुन्हा थांबलं.

ज्या महिन्यांत माझी बहीण रडत नव्हती, त्याच महिन्यांत तिची किडनी मरत होती.

६

मी शेवटचे दोन तास बुडवून घरी पळाले. ममा अंगणात शेंगा सोलत बसली होती. मला तिने पाहिलं नाही. चुलीवरच्या फळीवर गाडीचे डबे ओळीने असतात, प्रत्येकावर पापांच्या अक्षरात नाव. मागे, भिंतीला टेकून, दूध-पावडरचा एक डबा होता. नाव नव्हतं. आत सुकलेली बारीक पिवळी फुलं, अर्ध्याहून अधिक संपलेली. चिमूटभर जिभेवर ठेवली. कडसर.

फोटो काढला, बेनिल्दाबाईंना पाठवला. चार मिनिटांत त्यांचा आवाज आला, कुजबुजत: "हिपेरिको आहे हे, पोरी. खिन्नतेला देतात. याने पातळी अशी पडते, अशी! कालच का नाही सांगितलंस? कोण घेतं हे?"

डबा घेऊन मी अंगणात गेले. ममाने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खाल्लंस का काही? शाळा लवकर सुटली?"

"ममा, हे डामारिसच्या पाण्यात टाकायचीस?"

"चमचाभर. सकाळचं."

"यादीत लिहिलंय, वनस्पती नको!"

"त्या पापांच्या बाटल्यांतल्या. मांजरनखीच्या सालीसारख्या, अंगाची ताकद वाढवणाऱ्या. तेवढं मला कळतं. हे फूल आहे. माझी आई बाळंतिणींना द्यायची, नवरा मेलेल्या बायकांना द्यायची." ती शेंगा सोलतच होती. "आणि ते किडनीसाठी नव्हतं गं. डॉक्टरांची यादी किडनीची. हे दुःखासाठी होतं. दुःख काय किडनीत असतं?"

"डॉक्टरांनी विचारलं होतं ना तुला?"

"औषध देता का, विचारलं. हे काय औषध आहे?" हात थांबला. "तू झोपायचीस, तुला ठाऊक नाही. ती उशीत तोंड घालून म्हणायची, ममाचं अंग चोरून मी जगतेय. रोज. मी किडनी दिली आणि माझी पोर त्या किडनीला माफी मागत होती. मग काय करायचं? डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाल्या, होतं असं, गोळ्यांनी होतं. पाच मिनिटं देतात त्या माणशी." तिने माझा हात धरला. "रडणं थांबलं होतं ना? तू भिंतीला लागून झोपतेस. सांग, थांबलं होतं ना?"

"थांबलं होतं, ममा."

"बघ."

मग मी तिला सांगितलं. यकृत, चाबूक, सप्टेंबर, वॉर्ड, सगळं. व्यासपीठावर बोलते तसं, मुद्देसूद. बोलताना मला कळत होतं की मी थांबायला हवं, आणि मी थांबले नाही.  ममाने कंबरेवरच्या डाव्या बाजूला, टाके होते तिथे, हात नेला आणि तिथेच ठेवला.

७

पापा आले तेव्हा आम्ही दोघी तशाच बसलो होतो. त्यांनी डबा उचलला, वास घेतला आणि अंगणातल्या दगडावर बसले. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

डबा मांडीवर ठेवून ते म्हणाले, "मी सांगेन. गाडीवरचा ग्लास पाजला म्हणेन. माझं नाव घाल."

"सप्टेंबरात गाडी होतीच, पापा. रोज ती तुमच्या शेजारी होती. डॉ. बेर्नाल दोन मिनिटांत पकडतील. मग आपण खोटारडे ठरू आणि ती ओळ तशीच राहील."

"मग राहू दे तशीच!" ते पहिल्यांदा ओरडले. "यादीत नाव घातलं तरी मिळते का किडनी? सहा वर्षं, आठ वर्षं. माझ्या गिऱ्हाइकांतले तीन जण यादीत असतानाच गेले. त्या कागदासाठी घरातली आई मारायची का? डामारिसला कळलं तर ती हिच्या हातचं पाणी तरी पिईल का?"

"नाही पिणार," ममा म्हणाली. फार शांतपणे. "मीही प्यायले नसते." मग म्हणाली, "एक उरलीय माझ्याजवळ. तीही काढा म्हणावं. काढतील का रे?"

पापांनी मान हलवली. काढत नाहीत.

स्वयंपाकघरातलं घड्याळ पाच दाखवत होतं. मशीन संपल्यावर डामारिसला सोडणारी हॉस्पिटलची गाडी साडेपाचला कोपऱ्यावर येते. ती उतरते आणि चढ चढताना दोनदा थांबते. मी उभी राहिले. 

"ममा, पापा, मी ठरवलंय. शुक्रवारी डॉ. बेर्नालना मी सांगणार. हा डबा नेणार, तक्ता नेणार आणि ममाचं नाव घेणार. पण त्याच्या आधी, आज, डामारिसला सांगणार. ती रोज पडल्या पडल्या मोजते, तेरा जून, सकाळ, घेतली का. तिला वाटतंय तिनेच मारली. शंभर वेळा मोजूनही तिला ती चुकलेली गोळी सापडणार नाही, कारण ती चुकलेलीच नाही. हे तिला ठाऊक नसताना मी तिच्या भिंतीला लागून झोपू शकत नाही. ममा, तुला स्वतः सांगायचं असेल तर मी तुझ्या शेजारी बसेन. तुझा हात धरेन. तू गप्प राहिलीस, तर पावणेसहाला मी सांगेन."